शेवटची सोळा पानं

गंगावेशीत रात्री साडेनऊला
म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात.
गिऱ्हाईक आलं की धार, थेट ग्लासात,
फेस काठाच्या वर.

दुधासाठी जातो म्हणून घरी सांगितलं होतं.
खरं म्हणजे संध्याकाळी प्रकाशकाचा फोन आला होता:
"मुली वाचतात हो. मुलग्यांचं सोडा आता."
बारा वर्षं मी मुलग्यांसाठीच लिहितोय.

दिव्याच्या खांबाला टेकून एक पोरगं बसलेलं,
डाव्या मनगटाला दाव्याचे दोन वेढे,
उजव्या हातात पुस्तक. मुखपृष्ठ नाही.
म्हैस मान झटकायची, पान हलायचं,
तो न बघताच दावं आवळायचा
आणि सुटली तिथूनच ओळ धरायचा.

दूध संपवत वाकून बघितलं.
तिसऱ्या ओळीत एक चुकीचा अनुस्वार होता
आणि तो माझाच होता.

"काय वाचतोयस?"
"काय म्हाईत. चुरमुऱ्याच्या भट्टीवर रद्दीत घावलं.
म्होरली पानं गेल्यात. मागली बी."
बसवराज गवळी, सातवी ब.

आवडलं का, असं विचारलं
तर तो रस्त्याकडे बघू लागला.
मग एकदम म्हणाला,
"ह्यात म्हशीला नावच न्हाई. नुसती म्हस, म्हस.
लिवणाऱ्यानं म्हस बगितलीच न्हाई कदी.
ही राणूबाई. ती पल्याडली हौशी,
डाव्या अंगानं गेलासा तर लाथ घालती."

मी हौशीच्या डाव्या अंगालाच उभा होतो.
सरकलो.

"मग वाचतोस कशाला?"
"त्यो नावंतनं चाललाय की. पुराच्या पाण्यातनं, रातचं.
आन जाऊ नगं म्हणाय
कोनबी न्हाई तितं."

हे मला बारा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

त्या गेलेल्या सोळा पानांत काय होतं, मला पाठ आहे.
मुलगा परत येतो. वडील डोक्यावर हात ठेवतात.
हेडमास्तर दीड पान बोलतात,
धाडसाहून जबाबदारी कशी मोठी, त्यावर.
त्या दीड पानापायीच
शाळांनी दोनशे प्रती घेतल्या होत्या.
भट्टीवाल्यानं त्यात शेंगा बांधल्या असतील.
शेंगा तरी गरम राहिल्या असतील.

"शेवटी काय होतं मग?"
"पानं न्हाईत म्हटलं न्हवं?"
थोडा वेळ राणूबाईच्या शिंगाला खाजवलं त्यानं.
"पर मला म्हाईत हाय.
नाव शिरोलीच्या हायवेवरनं जाती.
खाली ट्रक बुडालेत, रांगच्या रांग.
त्यातल्या एकाचा हॉर्न अजून वाजतोय.
ह्यो पाण्याला कान लावतो, आन..."

"आन?"

"बश्या!" कोणीतरी ओरडलं. गिऱ्हाईक आलं होतं.
पुस्तक शर्टात गेलं,
बादली हातात आली.

घरी टेबलावर नवी कादंबरी होती.
तिच्यात एक कुत्रा आहे, नुसता कुत्रा.
साडेबारा वाजले
तरी त्याला नाव सुचेना.

माझ्याकडे त्या पुस्तकाची अख्खी प्रत आहे.
चार रात्री ती पिशवीत घालून गंगावेशीला नेली
आणि चार रात्री परत आणली.

पाचव्या रात्री त्याच्या गुडघ्यावर पुस्तक नव्हतं.
दावं मनगटाला, नजर कुठंतरी
बंद दुकानांच्या शटरांपलीकडं.
"कुठवर आला रे तो?"
कोण तो, असं त्यानं विचारलं नाही.

"कुरुंदवाडच्या म्होरं गेलाय.
आता तितं दोन नद्यांचं पाणी हाय,
काठ दिसत न्हाई."

राणूबाईनं पाय बदलला.
मी आणखी एक ग्लास मागितला,
पोटात जागा नसताना,
उजव्या अंगाला उभा राहून.