वाया जाणारी ठिणगी

शरणपूर रोडच्या शिमोन उजागरेची गाडी
तीन दिवस माझ्या शेडमध्ये उभी होती.
बापाने कुवेतहून आणलेली, लढाईच्या आदल्या वर्षी,
चार सिलिंडरची,
नाशकात तिच्या जोडीची मी तरी पाहिली नाही.
तक्रार एकच : थंडीत धरत नाही.
निफाडला पारा पाचावर आला
की ही इथे सातपूरला तीनावर चालते.

मी दिवा घालवला.
तौसीफला म्हटलं, मार सेल्फ.
अंधारात जुन्या वायरींच्या अंगावरून
निळं काहीतरी सरपटत हेडवर उतरलं
सापसुरळीसारखं, आणि दिसेनासं झालं.
"बाई, करंट गळतोय."
गळणारच. चौतीस वर्षांचं रबर.
माझ्याही गुडघ्यांतून सकाळी असंच काहीतरी गळतं.

शिमोनने पिशवी उघडली :
चार स्टिक कॉइल, अंगठ्याएवढ्या जाड, वीतभर लांब,
कुठल्यातरी आपटलेल्या नव्या गाडीच्या.
यांना ना वायर, ना कॅप,
कॉइल स्वतःच विहिरीत उतरते
आणि प्लगच्या डोक्यावर बसते.
विहिरीचं तोंड जरा मोठं निघालं,
तौसीफने सायकलच्या ट्यूबची चार कडी कापली.

मीटर लावला.
जुनीला तीन ओहम, नवीला दीडच.
एकटी जोडली तर बॉक्स तासाभरात भाजून निघेल.
म्हणून दोघींना एकामागे एक ओवायचं,
पहिलीला चौथी, दुसरीला तिसरी,
दीड नि दीड तीन.
बॉक्सला पत्ताही लागत नाही
की पलीकडची माणसं बदलली.

"दोन्ही एकदम पेटतात?" शिमोन वाकून बघत होता.
हो. एक दाबून भरलेल्या पेट्रोलमध्ये,
दुसरी निघून चाललेल्या धुरात.
"मग ती दुसरी?"
वाया.
"दर फेरीला?"
दर फेरीला. पुढच्या फेरीत तिची पाळी कामाची,
हिची वाया.
तो हसला नाही. मीही नाही.

अंबडला सोळा वर्षं मी कॉइल गुंडाळल्या.
केसाहून बारीक तार,
काउंटर वीस हजारावर आला की हात थांबवायचा.
तार तुटणार हे आवाजाच्या आधी
बोटाच्या पेराला कळायचं.
मग एका सोमवारी गेटला कुलूप.
ही शेड म्हणजे त्या कुलपाचा हिशेब.

डावी जुनी कॉइल सोडवली
तर ती जपानी नव्हतीच.
कधीतरी कोणीतरी बदललेली, देशी,
आणि बुडाशी हिरवा ठिपका.
आमच्या लाइनीवर पास झालेल्या मालाला
शांता घोलप असाच ठिपका द्यायची,
ब्रश झिजला की करंगळीच्या नखाने.
हिरवा रंग काय, कुठेही मिळतो.
तरी मी मीटर पुन्हा लावला.
तीन पूर्णांक एक.
फडक्याने पुसून पुन्हा : तीन पूर्णांक एक.
मेली नव्हती ती.
गळत होती वायर, नाव जात होतं कॉइलचं.

शिमोनला सांगितलं खरं ते.
नुसत्या वायरी बदलूनही भागेल, पैसे वाचतील.
तो टाकीवरून हात फिरवत राहिला.
"आता आणल्यात ना बाई, बसवा नव्या."
बसवल्या.
एका दाबात धरली, चारही,
आणि शेडचा पत्रा थरथरला
पूर्वी दुसऱ्या पाळीचा भोंगा व्हायचा तसा.

सकाळी साडेसहाला फोन :
त्र्यंबक रोडला आहे, बाई, धुकं आहे, एकदाही अडली नाही.
मागे चहावाल्याच्या स्टोव्हचा आवाज येत होता.

जुनी कॉइल अजून फळीवर आहे,
ठिपका भिंतीकडे करून.
भंगारवाला शनिवारी येतो.
देऊन टाकणार आहे.
तांब्याला भाव बरा आहे सध्या.