आणि इतर

निकालाचं ते कात्रण अजून आहे माझ्याकडे.
पहिली, दुसरी, तिसरी : पुणे, सांगली, पुन्हा पुणे.
मग, 'आणि इतर'.
त्या इतरांत मी होते.
चौथी.
टायरच्या रुंदीइतकी मागे.

लाईनमनची पोर, अंबाजोगाईची.
आप्पा खांबावर चढलेले असायचे
आणि मी नळीखालून पाय घालून
त्यांची बावीस इंची हाफ पायडल मारत
सबस्टेशनपर्यंत डबा न्यायचे.
वरण अर्धं रस्त्याला.

खाजामियाँच्या दुकानात तास आठ आण्याला.
त्यांनीच एक दिवस दोन मेलेल्या सायकलींची हाडं जोडून
तिसरी उभी केली,
मडगार्ड फेकले, हँडल उलटं वळवलं.
"दम पायडल में नै रैता बेटी.
कब रुकना नै, वो मालूम होना."
मला ते अजून पुरतं मालूम नाही.
असतं तर एवढे कागद लागले नसते.

पहाटे साडेचारला कन्हेरवाडीचा घाट.
परळीहून राखेचे ट्रक वर यायचे,
मी खाली, मग मीही वर.
दातांत राख, पापण्यांवर राख.
आई दारातच म्हणायची,
"कोणाला जाळून आलीस गं?"
ट्रकवाले आधी शिट्ट्या मारायचे,
मग हॉर्न,
मग दुसऱ्या हिवाळ्यात
नुसतेच बाजूला व्हायला लागले.
तसा मान मला नंतर
कुठल्याच सभागृहात मिळाला नाही.

एका शर्यतीत साखळी तुटली, नगरच्या अलीकडे.
उसाच्या ट्रॅक्टरवर सायकल टाकून आले,
वर आमच्याच भागातले तोडकरी.
कितवी आलीस, त्यांनी विचारलं.
आलेच नाही, म्हटलं.
त्यांच्यातली एक बाई चुन्याची डबी उघडत म्हणाली,
"आलीस की. ही काय बसलीस."
तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

गुडघा रेणापूर फाट्याला गेला.
त्याची गोष्टही होत नाही :
एक म्हैस, एक खड्डा, मी.
लातूरच्या डॉक्टरनं फिल्म उजेडाकडे धरली
आणि जे सांगायचं ते आप्पांना सांगितलं.

अकरा आठवडे पाय ताणात, टोकाला दोन विटा.
आप्पा ऑफिसातून जुनी लॉगशीट आणायचे, पाठकोरी.
एका बाजूला अकरा केव्हीचा फीडर, किती वाजता बंद, किती वाजता चालू;
दुसऱ्या बाजूला मी संपादकांना पत्र लिहायला घेतलं
की 'इतर' म्हणजे कोण कोण होत्या.
फैजपूरची सायरा तडवी,
जिच्या बुटाला लेस नव्हती, सुतळी होती.
भोकरची पंचफुला, जी चढावर मोठ्यानं पाढे म्हणायची
आणि एकोणीसला अडायची.
आणखी एक, शेवटची, जी पोचली
तेव्हा मांडववाला दोऱ्या सोडत होता.
तिनं स्वतःच त्याच्याकडून एक दोरी मागून घेतली,
कॅरिअरला.

पत्र छापलं नाही.
मग ते वाढतच गेलं.
आता त्याला लोक कादंबऱ्या म्हणतात.
म्हणोत.

मुलाखतीला आलेली मुलं विचारतात,
सायकल आणि लेखन यांत साम्य काय?
काही नाही.
लिहिताना उतार लागत नाही.

खाजामियाँचा नातू त्याच गाळ्यात
मोबाईलची कव्हरं विकतो.
छताच्या हुकाला एक रिम अजून लटकतं,
का ते त्यालाही माहीत नाही,
मीही सांगितलं नाही.
त्या ट्रॅक्टरवरच्या बाईला तीन पुस्तकांत आणायला बघितलं.
येत नाही. प्रत्येक वेळी मी तिला नाव देते
आणि ती उतरून जाते.

थंडीत गुडघा बोलतो.
साडेचारला जाग येते ती येतेच.
खिडकीखालून राखेचे ट्रक चाललेले असतात, पत्रे थरथरतात.
त्यातला एखादा उगाच हॉर्न देतो.
मी खुर्ची जराशी
बाजूला घेते.