अंगठा

एकतीस वर्षं मिन्याच्या कोर्टात
मी दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलं.
उजव्या हाताचं मधलं बोट अजून वाकडं आहे.

म्हणून, मोहराईल, तू विचारतेस तेव्हा
मला धर्मगुरूसारखं उत्तर देता येत नाही.
उपासाचे दिवस. ताटात दूध नाही, अंडं नाही,
शिजवलेले पावटे, जिरं, लिंबू
आणि तुझा प्रश्न: काका, पुरावा काय?
वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला आहेस तू.
मेलेलं माणूस कसं असतं
ते हाताळून आलेली.

ऐक. कारकुनाला कळतं तेवढंच सांगतो.
चार साक्षीदार एका सुरात बोलले
की मी मनातल्या मनात पेन खाली ठेवायचो:
वकिलानं रात्रभर पाठ करून घेतलंय.
खरे साक्षीदार एकमेकांच्या पायांत पाय घालतात.
हे चौघं बघ.
एक म्हणतो अंधार होता, दुसरा म्हणतो ऊन वर आलं होतं.
एकाच्या जबानीत कबरीपाशी एक जण, दुसऱ्याच्या दोन.
दगड मात्र चौघांच्याही जबानीत सरकलेला.
आणि आपलाच म्होरक्या शेकोटीपाशी
एका मोलकरणीला घाबरून ओळख नाकारतो,
हे कोण लिहून ठेवेल? ज्याला पंथ चालवायचाय तो?
जाळ्यात मासे किती? एकशे त्रेपन्न.
बनाव रचणारा ‘पुष्कळ’ म्हणून मोकळा होतो.
मोजतो तो, ज्याला ते वाटून घ्यायचे असतात.

“जबान्या जुळत नाहीत म्हणून खऱ्या,
तर मग काका, जगातला प्रत्येक गोंधळ खरा.”
तू भाकरीचा तुकडा मोडलास.
“आणि आकडे खोटारड्यांनाही येतात.”

येतात.
बनावट खरेदीखतांवर मी जमिनीची मापं
बोटभरही न चुकलेली पाहिली आहेत.
इथे मी हरलो, लिहून घे.

तरी एक उरतं.
पहाटे तिथे आधी कोण पोचलं? बायका.
ज्या काळी बाईची साक्ष फारसं कोणी मोजत नसे.
खोटा साक्षीदार उभा करायचाच, तर
एखादा सावकार, एखादा सुभेदार उभा करावा.
आणि त्या धावत येऊन सांगायला लागल्या,
तर पुरुष काय म्हणाले? बाष्कळ बडबड.

तिथे आलो की माझा हात थरथरतो.
पुराव्यामुळे नव्हे.

अबू कुरकासकडची एक बाई होती, अंडी विकायची.
कालव्यावरच्या खुनात पाहणारी ती एकटीच.
म्हणाली, त्याचा कंदील उजव्या हातात होता,
सुरा डाव्या.
आरोपी तर उजवा. लोक हसले.
साहेबांनी घड्याळ पाहिलं, दोन शब्द सांगितले,
आणि मी लिहिलं, माझ्या सुवाच्य अक्षरात:
साक्षीदार गोंधळलेली. विश्वसनीय नाही.
नऊ वर्षांनी एका डावखुऱ्यानं
मरता मरता कबूल केलं.
तोवर तुरुंगात भलताच माणूस म्हातारा झाला होता,
आणि ती बाई गेली होती.

तेव्हापासून ‘बाष्कळ’ हा शब्द
मला माझ्याच अक्षरात दिसतो.

याला तू पुरावा म्हणणार नाहीस.
कोर्टात मीही म्हणणार नाही.
पण रोज सकाळी प्रार्थनेला उभा राहतो
तो एकशे त्रेपन्न माशांसाठी नाही.

तू वाद घातला नाहीस. विचारलंस फक्त:
“तिचं नाव काय होतं?”

मी आख्खी फाईल आठवून पाहिली.
तादरुसची बायको. राहणार अमुक.
खाली जांभळ्या शाईचा अंगठा.

मग्दालाची मरिया. योहान्ना. सलोमे.
ज्यांनी आधी नावं ठेवली
त्यांच्याच लोकांनी पुढे ती नावं जपली.
मी फक्त ठेवली.

चहा निवलाय. दे इकडे, गरम करून आणतो.