बोलत राहा

सड्यावर, कातळात रोवलेल्या खांबाखाली माझी खोली.
टेबल, नकाशा, आणि आवाजाकडे वळणारी एक सुई.
तू गप्प झालास की तीही भरकटते,
म्हणून म्हटलं, एक ते दहा मोज. सावकाश.

सातवर तुझा श्वास अडखळला.
सुई दोनशे पंचेचाळीसवर ठरली.
हा माझ्याकडून तुझ्याकडचा कोन.
तुला हवा उलटा, घरी यायचा:
एकशे ऐंशी वजा केले, पासष्ट सांगितले.
नवी होते तेव्हा एकदा वजा करायला विसरले,
आणि विमान आफ्रिकेकडे तोंड करून चालू लागलं.
सोलकरकाकांनी माइक हातातून काढून घेतला.
ओरडले नाहीत. ते जास्त लागलं.

पासष्ट म्हणजे तू कुठे, हे मला ठाऊक नाही.
भगवती बंदरावरून समुद्रात शिरलेली ती नुसती रेघ.
तिच्यावर तू वीस मैलांवर असशील, नाहीतर दीडशे.
घाबरलेला माणूस नेहमी जवळच वाटतो.

मिरकरवाड्याच्या शमसू तांडेलाला हे शिकवावं लागलं नाही.
बुरूज ताडाच्या रेषेत,
मिनार डोंगराच्या खाचेत,
की त्याचं जाळं बरोबर खाली.
दुसरी रेघ हवी.

गोव्याला फोन लावला.
त्यांची सुई म्हणाली, तीनशे दहा.
पट्टी ठेवली, पेन्सिल ओढली,
दोन रेघा भेटल्या साठ मैल आत,
जिथे नकाशावर नुसता निळा.
तिथे तू होतास, बारीकसा, फुलीएवढा.

मग दर दोन मिनिटांनी: बोल.
सदुसष्ट. बोल. सत्तर.
दक्षिणेचा वारा तुला उत्तरेला ढकलतोय,
उजवीकडे घे. अजून. बोलत राहा.

काका सांगायचे, जुन्या बीकनची लहर
जमीन सोडून पाण्यावर जाताना किंचित वाकते,
आणि सुई खोटं बोलत नाही, वाकलेलं खरं सांगते.
माझा भाऊ दर शुक्रवारी दुबईहून म्हणतो,
इथं सगळं बरं आहे.
मी किती अंश धरायचे, अजून कळलेलं नाही.

फेस दिसतोय, तू म्हणालास, फेस आणि दीपगृह.
मग पत्रा थरथरला,
आणि सुई गरगर फिरली, कुठेच थांबेना.
डोक्यावर असलेल्याला दिशा नसते.

वहीत वेळ लिहिली, चार बावीस.
नाव विचारायचं राहिलं.