रकाना क्रमांक चार

समिती येणार म्हणून प्राचार्यांनी कागद वाटले.
रकाना क्रमांक चार :
बी.ए. समाजशास्त्र, अभ्यासक्रमाची उद्दिष्टे व मूल्ये.
पाच ओळींत. टाईप करून. शनिवारच्या आत.

मी तासिका तत्त्वावरची, बारा वर्षं झाली.
मला तासाचे पैसे मिळतात,
उद्दिष्टांचे नाही.
तरी बसले.
खिडकीतून बेदाण्याच्या शेडवरचा
गंधकाच्या धुरीचा वास येत होता,
तासगावात फेब्रुवारी लागला की येतो तसा.

पहिली ओळ लिहिली :
विद्यार्थ्यांमध्ये सामाजिक जाणीव निर्माण करणे.
निर्माण करणे!
जशी काही जाणीव म्हणजे वीट
आणि मी भट्टी.
खोडली.

मग विश्वतेज आठवला.
बुलेटची किल्ली बोटात फिरवत
एसवायच्या वर्गात उभा राहिला होता :
"मॅडम, जातीचं सगळं जुनं झालं.
आमच्या गावात असलं काय नाही."
वर्ग गप्प.
मागच्या बाकावर त्याच्याच गावची सोनल वायदंडे
पेनचं टोपण काढत होती, लावत होती.
मी वाद घातला नाही.
म्हटलं, गावातल्या स्मशानभूमी मोजून ये.
हसला. त्यात काय मोजायचं, मॅडम.

पंधरा दिवसांनी वही आली.
पट्टी धरून काढलेला पेन्सिलचा नकाशा.
एक : येरळेकाठी. पत्र्याचं शेड, काँक्रीटचा रस्ता,
बसायला सहा बाकडी.
दोन : ओढ्यापलीकडं. शेड नाही. रस्ता नाही.
पावसाळ्यात चौघं ताडपत्री धरून उभे राहतात,
पाचवा रॉकेल शोधतो.
(माहिती : सोनलचे चुलते.)
तीन : पालातली माणसं गायरानात पुरतात, विचारून.
कुणाला विचारून, ते लिहिलं नव्हतं.
निष्कर्ष या मथळ्याखाली अख्खं पान कोरं.
अगदी तळाशी, बारीक अक्षरात :
मॅडम, बाकड्यांवर आमच्या आजोबांचं नाव आहे.

मी वीसपैकी सतरा दिले.
तीन का कापले, हे त्यानं विचारलं नाही.
विचारलं सोनलनं. तास सुटल्यावर, दारात.
"मला हे जन्मापासून माहीत होतं, मॅडम.
त्याला आत्ता कळलं, त्याचे सतरा.
माझ्या माहीत असण्याचे किती?"

पुढच्या तासाची घंटा झाली.
त्या घंटेचे उपकार मी अजून विसरलेली नाही.

टीवायला तिनं प्रकल्पाचा विषय दिला :
आपल्या महाविद्यालयात खुर्ची कुणाला, स्टूल कुणाला,
आणि कोण दिवसभर उभं.
शिपायापासून सुरुवात, आडनावांसकट.
नवव्या ओळीत मी होते :
स्टाफरूममध्ये कपाट नाही, पिशवी पायाशी ठेवतात.
प्राचार्य म्हणाले, विषय बदलायला सांगा.
मी तिला म्हटलं, बघ बाई.
एवढंच. बघ बाई.
बारा वर्षं व्याख्या शिकवणाऱ्या बाईला
त्या दिवशी दोनच शब्द सुचले.

तिनं बदलला नाही.
बाहेरचे परीक्षक आले, दहा दिले, चहा पिऊन गेले.
आता ती विट्याला एका बँकेत कर्जाचे अर्ज भरून घेते.
मध्ये भेटली स्टँडवर. म्हणाली,
"मॅडम, अर्जात एक रकाना असतो, व्यवसाय.
बायका सांगतात, काही नाही, घरीच असते.
मी विचारते, घरी काय काय करता?
रांग वाढते. साहेब ओरडतात."
एस्टी आली, चढली. हात केला नाही.
पिशवीत डबा आणि अर्जांचा गठ्ठा.

शनिवारी रकान्यात मी दोन ओळी लिहिल्या :
मोजणे.
मोजणाऱ्याला मोजू देणे.

क्लार्क थोरबोलेंनी चष्मा वर केला.
"मॅडम, तीन ओळी रिकाम्या राहतायत.
मागच्या वेळच्या टाकू का?
राष्ट्रीय एकात्मता वगैरे?"

टाका, हा शब्द
पार ओठापर्यंत आला होता माझ्या.