सोडण्याचे कारण

बाण दाबला की यादी सांडते स्क्रीनवर:
निवृत्ती. मृत्यू. कायमचे अपंगत्व. कपात.
मोशीच्या नेट कॅफेतला अझर म्हणतो,
"ताई, यातलं एकच निवडायचं असतं.
पण तुमचं आधीच निवडून ठेवलंय कुणीतरी.
हे बघा. स्वेच्छेने राजीनामा. बारा मार्च."

बारा मार्चला मी दुसऱ्या पाळीत होते,
लाइन तीनवर, मोटारसायकलच्या वायरी गुंफत,
लाल पिवळीच्या आतून, काळी सगळ्यांच्या खालून.
तेराला होते.
चौदाला रविवार, तरी होते, डबल देतो म्हणाले होते.
सतराला शकिलाच्या हातातून सोल्डरिंगची गन निसटली
आणि मनगटावर हा डाग उठला, चिंचोक्याएवढा.
कॉम्प्युटरच्या हिशोबाने
पाच दिवस झाले होते मला जाऊन.
मग भाजलं कोण?

एकवीसला, चहाच्या जरा आधी, पट्टा थांबला.
कुंभारेंचा माणूस स्टुलावर चढून म्हणाला,
कंत्राट संपलं, कार्डं इथंच ठेवा, मागच्या गेटनं निघा.
एकेचाळीस बायका.
कुणी रडलं नाही, बसची वेळ विचारत होत्या.
लॉकरच्या खोलीला कुलूप.
माझ्या पायात कंपनीचे बूट,
माझ्या चपला आत, लॉकर एकसष्ट.
किल्ली अजून पर्समध्ये आहे,
सुट्टे पैसे शोधताना रोज हाताला लागते.

बिबवेवाडीच्या विम्याच्या ऑफिसला दोन बस.
खिडकी चारवर म्हणाले सहा,
सहावर पाटी: जेवणाची सुट्टी.
मेंढके साहेब तसे वाईट नाहीत.
चष्मा कपाळावर सारून माझा दहा आकडी नंबर टाकला,
मोठ्यानं, एकेक आकडा, जणू माझी उलटतपासणी.
"काम गेलं असतं तर निम्मा पगार मिळतो, नव्वद दिवस.
पण तुम्ही तर काम सोडलंय."

गेलं. सोडलं.
दोन्ही अडीच-तीन अक्षरांचे शब्द,
मधे माझा गॅस, अर्धा लिटर दूध,
प्रथमेशच्या दहावीच्या क्लासचा हप्ता.

"कंत्राटदाराकडून दुरुस्तीचं पत्र आणा."

कुंभारेंचा फोन म्हणतो, क्रमांक तपासून पाहा.
भोसरीतल्या त्यांच्या गाळ्याचं शटर खाली,
शटरवर नवा कागद, अजून डिंक ओला:
हेल्पर पाहिजेत. महिलांना प्राधान्य.
मी नंबर लिहून घेतला.
शकिला माझ्याकडे बघत राहिली. मग तिनंही घेतला.

पुन्हा बिबवेवाडी.
या खेपेला रेघांच्या कागदावर अर्ज,
विषय: मी काम सोडलेले नाही.
खाली तारखा, बारा ते एकवीस, रोजचं काय ते,
सतराचा डागसुद्धा.
"हे तुम्ही म्हणताय," मेंढके म्हणाले. "पुरावा?"

हजेरीचं कार्ड त्यांच्याकडे. पगाराची पावती कधी दिलीच नाही.
मी खाली बघितलं.

"साहेब, राजीनामा देणारी बाई
स्वतःच्या चपला घालून घरी जाते."

ते खुर्चीतून उठले,
खिडकीच्या गजांना कपाळ टेकवून वाकले.
काळे बूट, लोखंडी नाकाचे, जिभेवर कंपनीचा शिक्का.
नंबर सात. माझा पाय पाचचा,
पुढच्या पोकळीत जुन्या परकराच्या चिंध्या कोंबलेल्या.
रांगेतला एक म्हातारा वॉचमनही वाकून बघायला लागला,
मग त्याच्या मागचा.

मेंढके बसले. चष्मा खाली घेतला.
बराच वेळ यादी वर-खाली करत राहिले.
"'इतर' म्हणून एक आहे," शेवटी म्हणाले,
"त्याच्यापुढे चौकट येते. सांगा काय लिहू.
पन्नास अक्षरं बसतात."

आणि थोडं थांबून,
"मोकळी जागासुद्धा मोजतात त्यात."