काठ

साताऱ्याला मोती चौकात, सराफाच्या पायरीशी
चपला काढून मी आत गेले
तेव्हा पदरात होता घरातला एकुलता एक पराक्रम.
नातवाच्या बारशाला त्याचे वाळे करायचे होते.
"चांदी मोडायची?" पोतदारांनी विचारलं.
"मोडायची नाही," म्हटलं, "वळवायची."

कसोटीवर त्यांनी कड घासली.
एकदा. मग परत एकदा.
काट्यात टाकायच्या आधीच म्हणाले,
"वहिनी, चांदी नाही ही. काशाचं आहे."

दसऱ्याला चिंच लावून धुतला जायचा आमच्याकडे.
एका अंगाला राजाचं डोकं,
दुसऱ्या अंगाला घोड्यावर नागडा गडी.
ह्यांचे पणजोबा, केरू भिवा मदने,
बसऱ्याकडे सात तुर्क कापले त्यांनी, म्हणून मिळाला.
सासूबाईंच्या वेळी पाच होते.

चावडीच्या भिंतीतला दगड सांगतो:
या गावातून एकतीस जण महायुद्धावर गेले,
चार परत आले नाहीत.
नावं नाहीत, नुसता आकडा,
आणि त्या एकतीसात एक आमचा
म्हणून सव्वीस जानेवारीला आमची खुर्ची पहिल्या ओळीत.
रामोशाला पहिली ओळ अशी सहज मिळत नाही.

पोतदारांनी डोळ्याला भिंग लावलं,
मेडल फिरवत काठावरची अक्षरं वाचली:
"नंबर बाराशे सहा. कीरू... बेवा."
"भिवा," मी म्हटलं.
"इथं बेवा आहे. पुढं जेल."
"गाव असेल."
"जेल पोर्टर कोअर," ते म्हणाले
आणि माझ्याकडे न बघता भिंग पुसत बसले.

तुरुंगातले हमाल.
उरलेली शिक्षा माफ, बदल्यात
आगबोट, खजुरी, पाठीवर पोती.

मग एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली.
सासरे सांगत, म्हातारा अंघोळ अंधारात करायचा.
नेर तलावाचा पाटकरी दिसला
की बांध सोडून उसात शिरायचा.
गावात बोलवा होती, पाट फोडल्याची,
रात्री, एका कुदळीनं, काठ एवढासाच,
चार वाफे भिजतील इतका.
आम्ही म्हणायचो, जळतात लोक.

आणि एक खोड, जी कुणी पराक्रमात धरली नाही:
दारावरून जाणाऱ्या कुणाच्याही डोक्यावरचं ओझं
न विचारता उतरवून घ्यायचा.
मोळी असो, शेणाची पाटी असो.
"टेक जरा. मी धरतो."
लोक हसायचे, फौजी आणि ही हमाली!

सातही तुर्क पोतदारांच्या गादीवरून उठले,
कपडे झटकून आपापल्या घरी गेले.
मला बरं वाटलं त्यांच्यासाठी.

पोतदार भला माणूस. आवाज खाली आणून म्हणाले,
"कड घासून देऊ का? कानशीचं काम, दहा मिनिटं.
नाव जाईल, बाकी तसंच राहील."

कानस समोरच होती. डबीत, मऊ कापडावर.
मी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले,
खोटं कशाला बोलू.

मग बचत गटाचे पैसे काढले
आणि तारेसारखे बारीक वाळे घेतले, चांदीचे.
घरी सुनेनं विचारलं, एवढेच भरले?
म्हटलं, एवढेच.

मेडल परत डब्यात आहे.
काठ आता बोटाला लागतो, वाचता येत नसला तरी.
सव्वीस जानेवारी गुरुवारी आहे.
खुर्चीचं काय करायचं
ते अजून ठरलं नाही.